पोळ्याच्या दिवशी विकलेला लाल्या

गुलाब्या,

काल तुझी तेरवी जेवून आलो. बुंदी मी सूड म्हणून खाल्ली. वाढणारा दमला, मी दमलो नाही. तुझ्या गावचे लोक म्हणाले, परसरामला फार लागलं, दुःखात माणूस असा खातो. मी काही बोललो नाही. तोंडात बुंदी होती.

दुःख झालं हे खोटं नाही. पण ते बिचारं दाराबाहेर उभं आहे, कारण आतली सगळी जागा रागानं अडवली आहे. माणसानं मरावं, सगळेच मरतात, पण मरायला दिवस कोणता धरावा याला काही रीत? पोळ्याच्या सकाळी तू माझ्या दारी यायचं, ट्रॅक्टर पाहायचं, दुपट्ट्याखाली हात द्यायचा आणि फसून घरी जायचं, एवढं साधं ठरलं होतं. आणि तू आदल्या संध्याकाळी, स्वतःच्या अंगणात, बैलाचा खांदा शेकता शेकता, हळद-तुपाची वाटी हातात धरून बसलास तो बसलासच. माझा इतक्या वर्षांचा सूड नटूनथटून उभा, आणि गिऱ्हाईकच गेलं.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल काय काय चांगलं बोलले. एक जण म्हणाला, गुलाबभाऊनं आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही. खरं आहे. तू 'हो'च म्हणायचास, आणि त्या 'हो'मध्येच माणूस बुडायचा. मी चांगलं बोलणार नाही. मी तुझी सगळी विद्या इथं उघडी करून ठेवणार आहे. हे वाचून बाभुळगावपासून पुसदपर्यंत कोणी जुनं ट्रॅक्टर घ्यायला निघाला, तर त्याला पाहूनच तुझ्या जातीच्या दलालानं पाय लावून पळावं, एवढ्याचसाठी हे लिहून राहिलो.

तू मूळचा बैलांचा दलाल. बाजारात बैलाचे दात पाहण्यासाठी तुझ्याकडे रांग लागायची. मग बाजारात बैल कमी आणि दलाल जास्त झाले, तेव्हा तू जुन्या ट्रॅक्टरांकडे वळलास, आणि विकायचास मात्र बैलासारखंच. पाठीवर थाप मारून. "खाते कमी, वढते जास्त." दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबायची, भाव बाहेर फुटू द्यायचा नाही. हात मागं घेतला तर सौदा मोडला. हात राहिला तर सौदा पक्का. हा तुझा नियम. आणि दुसरा नियम, विकलेला माल परत घेत नाही.

आणि मी कोण? आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख फिरलेले. माझ्या पणज्याकडे दहा हजार बैल होते आणि तो एकेकाला नावानं हाक मारायचा, असं मी सांगतो. माझा बाप हजार म्हणायचा. माझी याडी, म्हणजे आई, म्हणायची आठ-दहा असतील, त्यातले दोन लंगडे. ते काही असो. बैलाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही असा माझा तांडाभर लौकिक होता. म्हणून तर तू मला ट्रॅक्टर बैल करून विकलंस.

तो पोळा आठवतो? तू ते लाल ट्रॅक्टर आणलं होतंस. माझ्या लग्नाच्याही आधीचं असेल, तीन सिलिंडरचं, गोल डोळ्यांचं. अंगावर झूल टाकलेली. रेडिएटरवर बाशिंग बांधलेलं. धुराड्याला हिंगूळ फासून वर बेगड चिकटवलेली, पुढच्या चाकांना घुंगरमाळा, मडगार्डावर झेंडूचे हार. तुझ्या गावच्या पंधरा-वीस गड्यांनी वाजतगाजत ते ढकलत तोरणाखाली आणलं. ढकलत का, असं कोणी विचारलं नाही. सगळ्या बैलांत तो एकच माझ्याकडे पाहून हसत होता. मी पाहिलं आणि मेलो.

मी हात लावला. इंजिन कोमट होतं.

"हे गरम कायनं लागून राह्यलं बे?"

"उनात उभं हाये सकाळपासून. तू उभा राहून पाह्य, तूबी गरम लागशीन."

हसलो. इथं पहिला फसलो. हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. विकणाऱ्याच्या दारी न सांगता जावं, आणि गेल्या गेल्या काही न बोलता पंजा इंजिनावर ठेवावा. कोमट असेल तर समजावं, पहाटे कोणीतरी अर्धा तास छळ करून ते चालू केलं आहे, म्हणजे तुमच्यासमोर एका दमात लागावं. थंड इंजिन कसं उठतं ते पाहायचं. आणि ट्रॅक्टर उतारावर लावलेलं असेल तर आधी सपाटीवर आणायला लावायचं. उतारावर उभं राहणारं ट्रॅक्टर बॅटरीवर नाही, देवावर चालतं.

पण मी म्हटलं होतं, गुलाब्या. देवाशपथ म्हटलं होतं.

"चालू करून पाहू एकडाव."

तू दुपट्ट्यानं तोंड पुसलंस. गर्दीकडे पाहिलंस, माझ्या याडीकडे पाहिलंस, आणि हळूच विचारलंस, "परसराम, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवतं काय तू?"

संपलं. डफडी थांबली. दहा हजार बैलांचा पणतू मी. सगळा पोळा माझ्याकडे पाहून राहिला होता, आणि आमच्या याडीनं कपाळाला हात लावला, पोरगं पोळ्याच्या दिवशी जनावर जुंपतो म्हणते म्हणून. बैलाला तो एक दिवस जुंपत नाहीत, हे मला काय ट्रॅक्टर विकणाऱ्यानं शिकवावं? लाज वाटली. मी दुपट्ट्याखाली हात दिला. आणि जगात पोळ्याच्या दिवशी, नटवलेलं, बंद ट्रॅक्टर, त्याचा आवाजही न ऐकता घेणारा पहिला माणूस मी झालो. नाव ठेवलं लाल्या.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला, लाल्याला घरी न्यायला आलो. बटन दाबलं, तर म्हाताऱ्याच्या उचकीसारखा आवाज झाला. ढकललं. उतारावर सोडलं. शेवटी लाल्या उठला, आणि उठताना जो निळा धूर सोडला, तो मी मरेपर्यंत सांगणार आहे. आभाळातून चाललेले बगळे जमिनीवर उतरून ठसकले. शेजारच्या गावातली एक बाई सुनेला म्हणाली, संध्याकाळ झाली, दिवे लाव. तुझा धूर म्हणून अजून पंचक्रोशीत ओळखतात. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, हे आता मला झोपेतही कळतं. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा, आणि इंजिन तापल्यावरही पांढराच, म्हणजे आत पाणी शिरलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की धूर आहे.

मग एकेक उघडत गेलो आणि एकेक तू सापडत गेलास. ऑइलची पट्टी काढली, तर ऑइल गुळाच्या पाकासारखं जाड. एवढं जाड कशाला, तर आतली खडखड दबावी आणि धूर घटकाभर धरून राहावा. पट्टीवर ताकासारखा पांढरा फेस दिसला तर तिथूनच राम राम म्हणून वळावं. मला तोही थोडासा दिसला, मी दमटपणा समजलो. गिअरबॉक्सात तार घालून ढवळलं, तर तारेला लाकडाचा भुसा. गिअरचे दात झिजलेले, ते ओरडू नयेत म्हणून तू त्यांच्या तोंडात बोळा कोंबला होतास. बैलाचे दात पाहणारा माणूस तू, आणि मी ट्रॅक्टरचे दात पाहिले नाहीत. रेडिएटरचं झाकण काढलं, तर हळद. गळती बुजावी म्हणून मूठमूठ हळद. बैलांचे खांदे शेकून उरली ती तू रेडिएटरला पाजली होतीस. पिवळंधमक पाणी, वर तेलाचे डोळे. त्यात फक्त बटाटे टाकायचे बाकी होते.

टायरच्या नक्ष्या जुन्या रबरात गरम सुरीनं खोदलेल्या आणि बुटाचं पॉलिश मारलेलं. पहिल्याच चिखलात पॉलिश उतरलं आणि माझंही तोंड उतरलं. चाललेले तास मोजणारा काटा पाहावा तर लाल्या जेमतेम दोन हंगाम चाललेला. आणि क्लचचं पायडल पाहावं तर झिजून गुळगुळीत, त्यात तोंड दिसेल. काटा बदलता येतो, गुलाब्या, पाय बदलता येत नाहीत. पायडल, ब्रेक, बसायची सीट, स्टिअरिंगवरचा हात ठेवायचा भाग, एवढं पाहिलं तरी ट्रॅक्टरचं वय कळतं. स्टिअरिंग मी पाव फेरा फिरवायचो तेव्हा लाल्याला निरोप पोचायचा की वळायचं आहे. मग त्याची इच्छा असेल तर तो वळायचा. एकदा घरी वळवला तो थेट केळापूरला निघाला होता, हायवेवरून धरून आणला.

ताजा रंग दिसला की नख लावून पाहावं. बोल्टावरही रंग, ग्रीसवरही रंग, मातीवरही रंग असेल तर ते रंगवणं नव्हे, झाकणं. इंजिनाच्या अंगावर तू लांबी, म्हणजे पुट्टी, भरून चीर बुजवली होतीस, ती पहिल्या थंडीत उघडली. नांगर उचलणारी लिफ्ट तू मला वर करून दाखवलीच नव्हतीस, कारण पोळा. नांगर उचलावा, इंजिन बंद करावं आणि चहा प्यायला जावं. चहा पिऊन येईपर्यंत नांगर जमिनीला टेकला असेल तर लिफ्ट गेली. माझा तर साखर विरघळायच्या आत टेकायचा.

एक गोष्ट मात्र तू सरळ केली होतीस, ती लिहिली पाहिजे, नाही तर माझा सूड खोटा ठरेल. कागद. चेसीवर ठोकलेला नंबर आणि नोंदणीच्या पुस्तकातला नंबर तू स्वतः रॉकेलनं पुसून मला वाचायला लावला होतास. पुस्तकावर कोण्या बँकेचं नाव राहिलेलं नाही, हेही दाखवलंस. मी विचारलं, हे काहून एवढं खरं? तर म्हणालास, "इंजिन दुरुस्त होते परसराम, कागद नाई होत." तेवढ्या बाबतीत तुझे आभार. बाकी तळतळाट.

मी परत न्यायला निघालो, तर तू म्हणालास, विकलेला माल परत घेत नाही. भांडलो. बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो, एकदा दोघांनाही ताप होता तेव्हा दवाखान्याच्या ओसरीत भांडलो. दर वेळी तेच.

"तू मले चालू करू देलं नाई."

"मी कदी म्हनलं, चालू करू नको?"

"पोळा हाये म्हनला ना तू."

"मी फक्त इचारलं. तू उत्तर देलं नाई. पाय मांगं तू घेतला, नाव मावं घेतं?"

हा वाद तसाच राहिला. तू कधी कबूल झाला नाहीस. एकदा, फक्त एकदा म्हण, म्हटलं, की मी फसवलं. चहा माझ्याकडून. तू म्हणायचास, चहा पाज, मग पाहू. चहा प्यायचास आणि पाहायचास. माझ्याकडे, हसून.

आता ते सांगतो जे तेरवीला मी सांगितलं नाही. लाल्या बंद पडला की तूच यायचास. निरोप नसायचा, तरी यायचास. मला वाटतं वाऱ्यावर वास यायचा तुला. पान्यांची थैली खांद्याला, "काय म्हनते पेशंट?" म्हणत थेट त्याच्या पोटाखाली. तू दिलेला आजार, तूच डॉक्टर. खालून तुझा आवाज यायचा आणि मी वरून शिव्या द्यायचो. माझी बायको सुमन तुझ्यासाठी वेगळी भाकर टाकायची. मी म्हणायचो, या माणसानं आपल्याला बुडवलं. ती म्हणायची, बुडवलं तुम्हाला, ठेचा त्यानं मागितला. तू भुसा काढून टाकलास, गिअर बदललेस, रेडिएटर झाळून दिला. मजुरी घेतली नाहीस. मी देऊ केली तर म्हणालास, मित्राकडून घेत नाही. मित्राला विकतो फक्त. आधी फसवायचं आणि मग आयुष्यभर दुरुस्त करत बसायचं, असा सूड तू माझ्यावर घेतलास. तो माझ्या सूडाच्या फार आधीचा आणि फार मोठा आहे, म्हणून तर जास्त चीड.

आणि दुसरं. पोळ्याला जू ठेवण्याचं ते वाक्य तुला एवढं फळलं की तू त्याची रीतच करून टाकलीस. ट्रॅक्टरलाही पोळा असतो, त्या दिवशी ट्रॅक्टर चालू करायचं नाही, असं तू गावभर सांगत फिरलास. दर पोळ्याला एखादं विकायचास, बंदच. तुझ्या गावानं ते इतकं मानलं की आता तिथं पोळ्याच्या दिवशी कोणी किल्ली लावत नाही. ट्रॅक्टर धुतात, नटवतात, ढकलत तोरणाखाली नेतात, नैवेद्य दाखवतात. नव्या पोरांना वाटतं, ही पूर्वापार चाल आहे. तिचा जन्म माझ्या फसवणुकीतून झाला, हे मी आज जाहीर करतो.

तर यंदा कळलं की तू घरच्यासाठी एक जुनं, लहान ट्रॅक्टर शोधतो आहेस. तुझी लेक वैशाली शेती पाहते आता, तिला कापूस आणायला, वखरायला. माझ्या अंगात दहा हजार बैल उभे राहिले. लाल्याला निळा रंग दिला. हूड बदललं. केळापूरच्या माझ्या साळ्याला मालक म्हणून उभं केलं. मग तू मला केलं ते सगळं, त्याच क्रमानं. जाड ऑइल. भुसा. टायरला पॉलिश. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, तू बैलाच्या खांद्याला हळद लावत होतास त्याच वेळी, मी रेडिएटरात हळद ओतत होतो.

आठवडाभर आधी तू पाहून गेला होतास. निळ्या हुडावर हात ठेवलास. काही उघडलं नाहीस, काही वाकून पाहिलं नाहीस. मला वाटलं, म्हातारा झाला.

"कोनाचं हाये?"

"साळ्याचं."

"नाव काय ठेवलं?"

"निळ्या."

"गुनी दिसते," म्हणालास. "पोळ्याच्या सकाळी येतो. सौदा करू."

त्या सकाळी निळ्या माझ्या अंगणात उभा. बाशिंग, झूल, घुंगरमाळा, हार. मी धुतलेलं धोतर नेसलो, जे मी लग्नातही नेसलो नव्हतो. वाट पाहत होतो. तर वैशालीचा फोन आला.

"काका, बाबा गेले."

"कुठं गेला? इकडं याचं व्हतं त्यानं."

"कालच संध्याकाळी. रातभर तुमचा फोन लागला नाई," ती म्हणाली. मग कळलं.

नाला ओलांडून तुझ्या घरी आलो. अंगणात तू, पांढऱ्या कापडाखाली. बैल खांद्याला तूप लावलेलं तसेच उभे, कोणी नटवले नव्हते. सगळं गाव जमलेलं, पण लाकडं नव्हती. ती बाभुळगावच्या आरागिरणीतून आणायची, आणि आणणार कशात? गावात ट्रॅक्टर किती, पण सगळे आदल्या दुपारीच हार घालून तोरणाखाली लावलेले. नाही कोणी म्हणालं नाही. पण किल्लीही कोणी काढली नाही. जो तो दुसऱ्याकडे पाहून राहिला होता. एक म्हातारा पुटपुटला, "आज जुंपत नाईत." तुझ्याच अंगणात, तुझ्याच मढ्यासमोर, तुझीच रीत. असा बदला मलाही सुचला नसता. तुला चितेपर्यंत न्यायला तूच आडवा आला होतास.

मी उठलो आणि परत तांड्यात आलो. वैशाली मागून आली, लाकडं मोजून घ्यायला कोणीतरी घरचं पाहिजे म्हणून. तिनं ट्रॅक्टरजवळ येऊन पहिल्यांदा काय केलं असेल? इंजिनावर पंजा ठेवला.

"थंड हाये," म्हणाली.

याडी आता दिसत नाही फारसं, पण ऐकते. ओसरीतून म्हणाली, "परसराम, आज पोळा हाये ना रे?"

"हाये," म्हटलं, आणि बटन दाबलं.

लाल्या पहिल्या दमात लागला. त्याच्या जन्मात पहिल्यांदा, आणि त्यात मी लबाडीनं गरमही केलेला नव्हता. ट्रॉली जोडली. हार काढायलाही वेळ नव्हता. घुंगरं वाजवत, निळा धूर सोडत, बाशिंग बांधलेलं ट्रॅक्टर अंत्ययात्रेची लाकडं आणायला निघालं. रस्त्यावरच्या लोकांना कळेना, पाया पडावं की हसावं. वैशाली मडगार्डावर बसली होती. भुसा भरलेले गिअर मुकाट होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"काका, गिअरबॉक्सात भुसा टाकला काय?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"हा लाल्याच हाये ना?"

"निळा हाये."

"वरून."

"तुले कसं कळलं?"

"मले नाई. बाबाले. त्या दिवशीच ओळखलं. घरी येऊन हासून हासून खोकले. आईले म्हने, परसरामनं लाल्याले निळं लुगडं नेसवलं."

मी ब्रेक मारला. ब्रेक लागायला नेहमीसारखा वेळ लागला, तोवर आम्ही आरागिरणीच्या जवळ पोचलो होतो.

"वळखलं, तं मग घ्याले कायले येनार व्हता?"

"मीबी हेच इचारलं. म्हनले, घ्याचाच हाये. आई म्हने, चालू करून पाह्यजा निदान. तं म्हनले..." ती हाराचं एक फूल उचकटत होती. "म्हनले, नाई पायनार. पोळा हाये."

गुलाब्या, हे तू मला काय केलंस? टपरीवर मागितलं ते एक वाक्य दिलं नाहीस आणि हे करायला निघाला होतास? ओळखून, समजून, डोळे उघडे ठेवून तू माझ्याकडून फसायला येणार होतास. दुपट्ट्याखाली हात देणार होतास, मी मनात नाचणार होतो, गावभर सांगणार होतो की गुलाबरावाला गंडवलं, आणि तू ऐकून घेणार होतास. म्हणजे माझा सूड तू मला दान करणार होतास. याची तुला माफी नाही. फसवलंस ते मी आता विसरायला तयार आहे. हे विसरणार नाही.

लाकडं आणली. नाल्याकाठच्या सपाटीवर उतरवली. लोकांनी तुला खांद्यावर आणून ठेवलं. शेवटचं दर्शन घ्या, म्हणाले. मी पुढं झालो आणि पांढऱ्या कापडाखाली हात घातला. लोकांना वाटलं मित्राचा हात धरला. एक-दोघं रडलेही. मी तुझी बोटं शोधली. थंड होती. नखांत हळद तशीच होती. माझ्याही होती. मी बोटं दाबली. किती दाबली ते इथं लिहिणार नाही, कापडाखालचा भाव बाहेर सांगायचा नसतो. थांबलो. नीट थांबलो, नंतर तक्रार नको म्हणून.

तू हात मागं घेतला नाहीस.

सगळं झाल्यावर लाल्यावर बसलो आणि बटन दाबलं. उचकी आली. पुन्हा दाबलं, तीही आली नाही. नाल्याकाठी उतार नाही. वैशाली म्हणाली, काका, उद्या बैल लावून ओढून नेऊ. मी म्हटलं, कोणाचा माल कोण ओढतं? सौदा झाला. विकलेला माल मी परत घेत नाही.

अजून तो तिथंच आहे, तुझ्या राखेकडे तोंड करून. बाशिंग वाऱ्यानं एका बाजूला झुकलं आहे आणि खाली थेंब थेंब ऑइल गळून राहिलं आहे, थेट तुझ्या दिशेनं. वैशाली पान्यांची थैली घेऊन रोज संध्याकाळी तिथं जाते, काल गिअरबॉक्स उघडला म्हणे. मी तिला एक शब्द सांगणार नाही, भाकर तेवढी सुमन पाठवते. तुला मात्र आता कळलं असेल, की वाजत नाही, वळत नाही, ओढत नाही. तिकडून म्हणशील, परसराम, तू मले चालू करून पाहू देलं नाई.

मी कदी म्हनलं बे, चालू करू नको?